अंगणातले लिहिणे
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या नेवासे तालुक्यात 'कंटेनर' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. घोडेगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव होतात आणि परदेशी जाणारा कांदा कंटेनरमधून बंदराकडे जातो. संगणकातही कंटेनर असतो हे ऐकून वडील हसले. "त्यात काय भरणार?"

त्यात सॉफ्टवेअर भरतात. २०१३ साली आलेले डॉकर हे त्याचे साधन. एखादा प्रोग्रॅम चालायला लागणारे सारे सामान एका पेटीत बांधलेले असते. पेटी दुसऱ्या संगणकावर उतरवली तरी आतली मांडणी तशीच!

मामांनी दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी दोन कंटेनर मांडले. वर्डप्रेस पान सजवतो, मारियाडीबी मजकूर सांभाळतो. दोघांची माहिती एका छोट्या फाइलमध्ये लिहून एक आज्ञा द्यायची. पहिल्या वेळी इंटरनेट लागते, मग नाही. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:८०८०' लिहिले, की ब्लॉग समोर उभा! मात्र तो दिसतो फक्त आपल्याच संगणकावर.

या 'फक्त'नेच मला धीर दिला. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. माझी बोली ऐकून चारचौघांत हसू उमटते. चव्हाट्यावर जाण्यापूर्वी मला हक्काचे अंगण हवे होते.

तिथे मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहू लागलो. आमच्या नेवाशातच १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. त्या थोर लेखनिकाशी माझी कसली तुलना? पण सांगणाऱ्याजवळ बसून लिहून घेणे हेही काम आहे, एवढे मला कळले.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मजकूर कंटेनरच्याच पोटात ठेवला, तर कंटेनर काढून टाकताच तोही जातो. म्हणून 'व्हॉल्यूम' नावाची वेगळी कोठी जोडावी लागते. पेटी मोडली तरी कोठी राहते. लॅपटॉपच बिघडला तर काय, म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवतो. आजीला अक्षरओळख नाही. तिच्या ओव्यांना आजवर अशी कोठी नव्हतीच. घरात गिरणीचे पीठ आले, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्या तिच्या ओठांवरच राहिल्या.

आतापर्यंत एकेचाळीस ओव्या झाल्या. मी त्या वाचून दाखवल्या, तेव्हा सासुरवासाच्या तीन ओव्यांवर आजी थांबली. म्हणाली, "ह्या घरातच असू दे रे." उद्या इंटरनेटवर भाड्याची जागा घेतली, तर तीच फाइल आणि कोठीची प्रत तिकडे नेता येईल. अडतीस ओव्या जगाकडे जातील. त्या तीन मात्र अंगणातच राहतील.