घाई नव्हती म्हणे!

मनू,

परवा फोनवर विचारलंस, ‘त्या जीवशास्त्रज्ञ हक्सलेला लग्नाला आठ वर्षं का लागली?’ आणि माझं उत्तर न ऐकताच निकाल दिलास, ‘नसेल घाई त्याला.’ तेव्हापासून ते शब्द डोक्यात घोळताहेत. अगं, 1847 साली सिडनीत हेन्रिएटा हीथॉर्न भेटली तेव्हा हा ‘रॅटलस्नेक’ जहाजावरचा बावीस वर्षांचा दुय्यम डॉक्टर, डोक्यावर कर्ज. तरी थोड्याच भेटींत लग्न ठरवून मोकळा! पण लग्न काय खाऊन करायचं? तुझ्या मेलबर्नच्या होणाऱ्या नवऱ्याच्या भाषेत, ‘सेटल’ व्हायचं होतं.

1850 साली जहाज इंग्लंडला परतलं आणि मग सगळा संसार टपालावर. सुएझचा कालवा नाही, ऑस्ट्रेलियापर्यंत तार नाही. शिडाच्या जहाजाने पत्र जायला तीन-चार महिने. म्हणजे ‘खोकला कसा आहे’ विचारावं आणि उत्तर सहा-आठ महिन्यांनी यावं. (तुला दोन निळ्या खुणा तासभर दिसल्या नाहीत तर जेवण जात नाही!) 1851 मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पुढच्या वर्षी पदक मिळालं. मानपान झाला, पगार कुठाय? टोरांटोची प्राध्यापकी डार्विनची शिफारस असूनही हुकली. विज्ञान सोडून ऑस्ट्रेलियात जाऊन पोट भरावं, इथवर आला होता बिचारा. 1854 मध्ये लंडनच्या सरकारी खाणशाळेत नोकरी लागली, तेव्हा कुठे 1855 च्या जुलैत लग्न.

तुझे काका मस्कतला होते तेव्हा निळे एरोग्राम यायचे. जागा संपली की ते चिकटवायच्या घडीवरही लिहायचे. मी घाईने फाडायची आणि शेवटची ओळ नेमकी अर्धी व्हायची. त्या अर्ध्या ओळीवर मी पंधरा-पंधरा दिवस काढलेत. म्हणून सांगते, उशीर झाला म्हणजे माणूस थंड झाला असं नसतं.

हे तुला पटवायला बसले खरी, पण लिहिता लिहिता माझंच मन पालटलं. त्याच्या वर्षांचा हिशेब लागतो: अर्ज, व्याख्यानं, पदक. तिच्या वर्षांचा? ती इंग्लंडला जहाजातून उतरली ती इतकी खंगलेली, की एका डॉक्टरने सहा महिन्यांचीच मुदत दिली. तरी त्याने लग्न केलं, हे मी त्याच्या खात्यात जमा धरते. पुढे तो 1895 मध्ये गेला, ती 1914 पर्यंत जगली. डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस!

पण मनू, गणपतीत तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ‘डाएट’ म्हणालीस. मी काही बोलले नाही, तुझ्या आईसमोर कशाला. तुझ्या मेलबर्नवाल्याला हे माहीत आहे का? कॅमेऱ्यात नुसता चेहरा दिसतो. या रविवारी त्याच्याकडून लग्नाची तारीख घे, आणि त्याआधी रक्त तपासून ये. रिपोर्ट मला पाठव, त्याला नंतर.

तुझी,
मावशी