दादाचा अमिगा आणि दोन चिपा

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या माथ्यावर एखादी जुनी वस्तू असतेच. ती कोणी वापरीत नाही, आणि टाकवतही नाही. माझ्या थोरल्या भावाच्या घरी अशी वस्तू म्हणजे कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० प्लस. नावाला तो संगणक, पण आमच्या घरात आला तो खेळांसाठीच.

दादाने १९८९ साली साधा अमिगा ५०० घेतला होता. कामावरून आला की जेवण आटोपून तो मुलाबरोबर खेळायला बसे. मोटारींच्या शर्यतीचा ‘लोटस’ आणि हेलिकॉप्टरचा ‘स्विव’ हे दोघांचे आवडते खेळ. १९९२ साली ते यंत्र विकून त्याने नवा ‘प्लस’ आणला आणि पंचाईत झाली. जुन्या डिस्का चालेनात.

त्याचे कारण असे. अमिगा सुरू केला की त्याचा प्रोसेसर सर्वांत आधी ४० पायांच्या एका चिपमधील सूचना वाचतो. या चिपला किकस्टार्ट म्हणतात. जुन्या यंत्रांत १.३ आवृत्तीची, २५६ किलोबाइटची चिप असे. प्लसमध्ये २.०४ आवृत्तीची, ५१२ किलोबाइटची चिप आली. काही खेळ लिहिणाऱ्यांनी जुन्या चिपमधील ठरावीक जागा गृहीत धरल्या होत्या. नव्या चिपमध्ये त्या जागी दुसरेच काही होते, म्हणून असे खेळ मध्येच अडत. पुष्कळ गिऱ्हाइकांनी त्या वेळी दुकानदारांकडे तक्रारी केल्या. मग दोन्ही चिपा बसतील अशी छोटी पट्टी बाहेरच्या लोकांनी बाजारात आणली. दादाने ती कधी घेतली नाही. डिस्का बिस्किटांच्या डब्यात गेल्या.

दादा गेला त्याला आता दोन वर्षे झाली. पुतण्याची मुलगी दहा वर्षांची आहे. आजोबा आणि बाबा काय खेळत, ते तिला दाखवावे असे त्याच्या मनात आले. मी मुंबईत असताना रेडिओ-दुरुस्ती शिकलो होतो, म्हणून तो माझ्याकडे आला. “काका, जुनी चिप मिळाली आहे, बसवून द्या,” म्हणाला. पण वहिनींनी साफ नाही म्हटले. “भावजी, त्यांनी ठेवलंय तसंच राहू दे. त्याला हात लावू नका.” पुतण्या रागावून निघून गेला. दोन आठवडे मायलेकांचे बोलणे बंद होते.

दोघांचेही मला पटत होते. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. प्लसच्या पोटात घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. वर्षे गेली की ती गळते, आणि तिचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. मी वहिनींना म्हटले, “चिप राहू द्या. पण झाकण उघडू द्या. कपाटात ठेवून ते जपलं जात नाही, आतून सडतंय.” आठवड्याने त्यांनी स्वतःच निरोप पाठवला.

झाकण काढले तर बॅटरीभोवती हिरवट थर चढलेला. मी बॅटरी काढली, व्हिनेगर लावून दाताच्या ब्रशने जागा साफ केली, मग अल्कोहोलने धुऊन रात्रभर वाळू दिले. एक रेषा तुटली होती, तिथे बारीक तार जोडून डाग दिला. वहिनी शेजारी बसून सारे पाहत होत्या. शेवटी त्यांनीच विचारले, “दुसरी चिप घातली तर यांची फेकावी लागेल का?”

मुळीच नाही. पट्टी चिपच्या मूळ खाचेत बसते आणि तिच्यावर दोन्ही चिपा राहतात. दोघींच्या बहुतेक तारा सामाईकच असतात. खटका फक्त कोणी बोलायचे ते ठरवतो, दुसरी गप्प राहते. खटका मात्र यंत्र बंद असतानाच फिरवावा, नाहीतर ते अडते. चिप काढताना दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलावी, म्हणजे पाय वाकत नाहीत. बसवताना तिच्या टोकाची खूण नीट जुळवावी. मी पेटीला भोक पाडले नाही, खालच्या झाकणाच्या फटीतून तार बाहेर काढली. उद्या कोणाला हे सारे काढून टाकायचे झाले, तर यंत्र पुन्हा होते तसे होईल.

पुतण्याला बोलावले. खटका १.३ कडे करून यंत्र लावले, तर पडद्यावर डिस्क धरलेला हात आला. वहिनी म्हणाल्या, “हा हात पहिल्या यंत्रावर यायचा. हे मला हाक मारायचे, बघ, डिस्क मागतोय म्हणून.” डब्यातल्या बऱ्याच डिस्का खराब झाल्या होत्या, पण ‘लोटस’ चालला. नातीने पहिल्याच वळणावर गाडी आपटली. मायलेक दोघेही हसले.

आता तो अमिगा दिवाणखान्यात असतो. ज्या कोणा वाचकांच्या घरी असा प्लस पडून असेल, त्यांना एवढेच सांगणे की खेळायचे असो वा नसो, आतली बॅटरी तेवढी लवकर काढून घ्या.