नाणे नेईल तिकडे

रविवारी सकाळी "कुठे निघालात?" या प्रश्नाला "कुठेच नाही" असे उत्तर देऊन घराबाहेर पडणे, हे गृहस्थाश्रमातले मोठेच धाडस होय. आमच्या सौभाग्यवतींनी हाती पिशवी दिली आणि म्हटले, "कुठेच नाही, तर येताना भाजी तरी आणा!"

वाचकहो, अशा उंडारण्याचेही शास्त्र आहे बरे का! पॅरिसच्या गी दबोर नामक गृहस्थाने 1956 साली त्यावर निबंध छापला. त्याच्या एका मित्राने तर लंडनचा नकाशा हाती धरून जर्मनीतला हार्झचा डोंगराळ मुलूख पालथा घातला होता! मीही माळ्यावरचा ठाणे जिल्ह्याचा जुना नकाशा घेतला. पालघर जिल्हा वेगळा झाला 2014 साली. हा नकाशा त्याच्या पुष्कळ आधीचा. बोईसर स्टेशनाबाहेर पश्चिमेला पडलो. नियम एकच: फाटा आला की नाणे उडवायचे. छापा पडला तर उजवीकडे, काटा पडला तर डावीकडे.

नाण्याने प्रथम कारखान्यांत नेले. वसाहत बोईसरला आणि नाव तारापूरचे! खरे तारापूर तिकडे उत्तरेला, 1739 साली चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला सांभाळत बसले आहे. मनात म्हटले, या मुलखात नावेसुद्धा भटकायला निघालेली दिसतात!

रसायनांचा उग्र दर्प नाकातून जाईना तोच वारा फिरला आणि सुक्या मासळीचा वास आला. समुद्र फार दूर नव्हता. नाण्याने मला पामला आणून सोडले होते.

टपरीवर चहा सांगून नकाशा पसरला. शेजारच्या आजोबांनी चष्मा सारखा केला आणि किनाऱ्यावर बोट ठेवले. "हे आमचं पोफरण."

"इथं चालत जाता येईल?" मी विचारले.

आजोबा हसले. "तिथं आता अणुवीज केंद्र आहे, भाऊ."

तारापूर केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 पासूनच्या. तिसरी आणि चौथी 2005-06 साली सुरू झाली. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. माणसे नव्या जागी आली, येताना गावांची नावे बरोबर घेऊन आली.

"नाव आणलं," आजोबा म्हणाले, "पण दारातला समुद्र कसा आणायचा?"

त्यांचे बोट नकाशावरून हलेना. थोड्या वेळाने हळूच विचारले, "हा कागद द्याल का? नातवाला दाखवीन."

मी घडी घालून त्यांच्या हाती दिला. परतताना नाणे उडवले नाही; सरळ वाटेने स्टेशन गाठले.

घरी पिशवी रिकामीच पाहून सौभाग्यवतींनी विचारले, "अखेर गेला होता कुठे?"

"कुठेच नाही" हे उत्तर या खेपेला तोंडातून निघाले नाही.