पाठ झालेली प्रार्थना

चाळिशी ओलांडली की माणसाला दोन गोष्टी तोंडपाठ होतात: घरखर्चाचा हिशेब आणि देवाची प्रार्थना. दोन्ही करताना मन दुसरीकडे असले तरी चालते!

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, कोर्लईला, पोर्तुगीज १७४० साली गेले. त्यांची बोली आणि त्यांचा धर्म मात्र तेथे अजून नांदतो आहे. वारशाचा हा चिवटपणा पाहून मला कौतुक वाटते, आणि थोडी धास्तीही. पाठ झालेले स्तोत्र आणि पाठ झालेला पाढा यांत अंतर ते किती? मी मास्तर, पाढ्यांची घोकंपट्टी रोज ऐकतो.

मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्त दुरावले, पत्नीशी ताटातूट झाली. पुढे ती परत आली. नगरच्या मिशनमध्ये मान मिळाला, कवी म्हणून कीर्ती झाली. दुसरा आरामखुर्चीत विसावला असता. टिळकांनी १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला (ख्रिस्ती माणसाने!) आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कोणीही तेथे यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोनच वर्षांत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या बाईंनी!

आमच्या घरची सांजप्रार्थना अडीच मिनिटांत उरकत असे. हल्ली धाकटी मध्येच अडवते, “बाबा, याचा अर्थ काय?” मला चष्मा शोधून शास्त्र उघडावे लागते. भात निवतो, तिची आई कुरकुरते.