वेट आणि वेट

इंग्रजी माझ्या कानांतून आत शिरले नाही. ते डोळ्यांतून आले. आमच्या गावच्या शाळेत ते आठवीपासून सुरू होई, आणि १९६३ साली मास्तरांनी ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून आमच्याकडून घोकून घेतले. स्पेलिंग पाठ, अर्थ पाठ, व्याकरण तर छडीच्या टोकावर. त्या भांडवलावर मी मुंबईत छत्तीस वर्षे कारकुनी केली आणि एकाही पत्रात साहेबाला स्पेलिंगची चूक सापडू दिली नाही. उच्चाराचा प्रश्न कधी आलाच नाही. टाइपरायटरला कान नसतात.

तो प्रश्न काढला माझ्या नऊ वर्षांच्या नातीने.

तिच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. प्रत्येकाने आपल्या तरुणपणीची एक आठवण इंग्रजीत सांगायची होती. मी तीन दिवस तयारी केली. मुंबईतला माझा पहिला दिवस, धो-धो पाऊस आणि बसच्या थांब्यावर काढलेला एक तास, अशी ती हकीकत. ‘आय वॉज वेटिंग फॉर वन अवर,’ असे मी खणखणीत आवाजात म्हणालो मात्र, सारा वर्ग फुटला! बाईंनीसुद्धा तोंडाला रुमाल लावला. मी आधी पँटची बटणे चाचपली. ती जागेवर होती.

रिक्षात नात गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, “आजोबा, तुम्ही वेटिंग म्हणालात.”

“मग? वेटिंगच ना?”

“वेटिंग नाही हो, वेटिंग!”

मला एकच शब्द दोनदा ऐकू आला. शेवटी तिने कागदावर दोन स्पेलिंगे लिहून दाखवली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पहिल्याचा अर्थ वाट पाहणे. दुसऱ्याचा अर्थ ओले करणे, आणि लहान मुले तो बहुतेक करून अंथरुणाच्या संदर्भात वापरतात. थांब्यावर तासभर मी काय करीत उभा होतो, ते साऱ्या वर्गाला कळले होते.

“पुढच्या वर्षी आजीच येऊ दे,” ती हळूच म्हणाली. ते मात्र लागले.

दोष माझा की माझ्या भाषेचा? आपल्या मराठीला ‘ए’ एकच. इंग्रजाकडे दोन: एक तोडून टाकलेला, आखूड, दुसरा ‘ए’वर सुरू होऊन ‘इ’कडे घसरत जाणारा. त्यामुळे लेखणी आणि वेदना आपल्या तोंडी दोन्ही ‘पेन’च. मिरी आणि वर्तमानपत्र दोन्ही ‘पेपर’. त्यात ‘व’ची भर. इंग्रजाचा एक ‘व’ वरचे दात खालच्या ओठाला टेकवून निघतो, दुसरा दातांना न शिवता ओठांचा चंबू करून. आपला या दोहोंच्या मधला, कोणालाच न दुखावणारा. मग ‘वेस्ट’ या एका शब्दात पश्चिम दिशा, गंजीफ्रॉक, नासाडी आणि कंबर असे चार पाहुणे दाटीवाटीने राहतात. आम्ही राहतो ते अंधेरी वेस्टला. त्यातले नासाडी आणि कंबर हे दोघे तर खुद्द इंग्रजालाही बोलताना वेगळे काढता येत नाहीत. आणि कंबरेपर्यंतच्या त्या कोटाला त्याचे पूर्वज खुशाल ‘वेस्किट’ म्हणत. त्यांना कोणी हसले नसावे.

रात्री म्हणजे ‘नाइट’, आणि सरदार म्हणजेही ‘नाइट’. मग सरदाराच्या पुढे तो मुका ‘के’ कशाला, असे मी आठवीत विचारले होते. “पाठ कर,” मास्तर म्हणाले. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की तो ‘के’ एके काळी खरोखरच बोलला जाई. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना घातला, हळूहळू स्पेलिंगे खिळ्यांत अडकत गेली, आणि जीभ मात्र पुढे चालत राहिली.

मी आरशासमोर चंबू करू लागलो. “अहो, दाढ दुखतेय का?” हिने विचारले.

पुढे ऑक्टोबरात मी नातीला घेऊन मंडईत गेलो. हिने दिलेली चिठ्ठी नात मोठ्याने वाचीत होती. ‘भेंडी पाव किलो, कोवळी. जून नको.’ तिने वाचला तो पावसाळ्यातला जून! वर विचारते, “आजोबा, आत्ता जूनची भेंडी कुठून येणार?”

भाजीवाली खो-खो हसली. मीही हसलो, जरा जास्तच. मग तिच्याकडे पाहिले. कान लाल झाले होते. चिठ्ठी मुठीत चुरगळली होती. आरशात पाहिल्याचा भास झाला.

मी तिला बाजूला घेतले. ‘जुना’मधला ज दातांशी जीभ नेऊन, ‘जीव’मधला ज टाळूला लावून, भेंडी पहिल्या ज-ने जून, महिना दुसऱ्या. पृथ्वी म्हणजे जग पहिल्या ज-ने, पाण्याचा जग दुसऱ्या. तिने दोन्ही म्हणून पाहिले. तिसऱ्या खेपेला जमले.

“पण मग लिहिताना वेगळं का नाही करत?”

मला उत्तर येत नव्हते. ‘पाठ कर’ असे काही मी म्हणालो नाही.

परतताना बस येईना. परतीच्या पावसाची सर आली आणि छत्री घरी. तिने पिशवी डोक्यावर धरली, माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि म्हणाली, “आजोबा, वुई आर वेटिंग.”

दोहोंपैकी कोणता शब्द तिने उच्चारला, तो मला अगदी स्वच्छ ऐकू आला. इथे लिहून मात्र दाखवता येत नाही.