हजेरी

मुलांची हजेरी घेण्यात माझी निम्मी हयात गेली. तीच खोड मला जाझच्या जुन्या तबकड्यांपाशी घेऊन गेली. लेबलावर बँडप्रमुखाचे नाव ठळक. बाकीचे वादक कोण, वाजवले कधी, याचा पत्ता नाही! सी. रामचंद्रांच्या संगीताने गाजलेला ‘अलबेला’ १९५१ चा. त्यांचा साथीदार ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, हे किती घरांना ठाऊक असेल?

तारखेला एक युक्ती आहे. लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर मुद्रणक्रमांक कोरलेला असतो. त्याच्या आगेमागच्या क्रमांकांच्या तारखा सापडल्या, की मधली तबकडी कचाट्यात येते. नावे मात्र कानांनीच शोधावी लागतात.

चोरबाजारात मिळालेली अशीच एक तबकडी मी धोबीतलावच्या एका वृद्ध गोवेकर वादकांना ऐकवली. सॅक्सोफोन सुरू झाला आणि त्यांनी माझा हात धरला.

“हे माझे पप्पा! वरच्या सुराला जाण्याआधी अस्सेच थबकायचे.”

दुसरा पुरावा नव्हता. मी वहीत नाव लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह.

“मास्तर, तेवढे ते चिन्ह काढा ना.”

शहानिशा केल्यावाचून मी कधी कुणाला हजर मांडले नाही. हात पुढे होईना.

नावे लिहिलेला एखादा फोटो, हॉटेलातले एखादे जुने कार्यक्रमपत्रक मिळाले तरी पुरे. सुटी मिळाली की मी रद्दीची दुकाने धुंडाळतो. ते आता पंचाऐंशीचे आहेत.