डिकीतला डॉल्बी

“घरात डॉल्बी आणालायस व्हय रे?”

गाडीच्या डिकीतून दहा इंची स्पीकरचा खोका काढताना आईनं विचारलेला हा पहिला प्रश्न. कोल्हापूरबाहेरच्या मंडळींसाठी खुलासा: आमच्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची जी भिंत चढवतात, तिला डॉल्बी म्हणतात. खऱ्या डॉल्बी कंपनीशी तिचा काडीचा संबंध नाही. गंमत अशी की रे डॉल्बी या गृहस्थांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला! आवाज कमी करायला निघालेल्या माणसाचं नाव आम्ही महाद्वार रोडवरच्या काचा हलवणाऱ्या भिंतीला देऊन टाकलं. असो.

मला डॉल्बी नको होता. नोकरी पुण्यात, घर कोल्हापुरात, त्यामुळं महिन्यातून दोनदा हायवेवर चार-साडेचार तास. एवढा वेळ गाणी ऐकायची आणि दरवाजातल्या स्पीकरमधून डग्गा ऐकू येतो तो पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. म्हणून सबवूफर. तयार पेट्या बाजारात मिळतात हे मलाही माहीत आहे. पण जी वस्तू विकत मिळते ती आपल्याला घरी जमेल का, हे बघायची खोड या गावाच्या पाण्यातच आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा इथंच बनवला आणि १९२० साली त्यावर ‘सैरंध्री’ काढला. त्यामानानं माझी तर साधी लाकडी पेटी. सहा फळ्या आणि एक भोक. किती अवघड असणार?

(हे वाक्य मी ऑफिसातही फार वेळा बोलतो. परिणाम सारखेच होतात.)

थोडं गणित सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदाची शेवटची ओळ वाचा. बंद पेटीतली हवा ही एक स्प्रिंग असते. स्पीकरचा पडदा आत आला की हवा दाबली जाते आणि त्याला परत ढकलते. १९५४ साली एडगर विल्चर यांनी हीच कल्पना वापरून लहान पेटीतून चांगला खर्ज काढून दाखवला. पुढं १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी या सगळ्याची रीतसर गणितं मांडली. तेव्हापासून स्पीकरच्या कागदावर तीन आकडे मिळतात: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. माझ्या स्पीकरचे होते ३२ हर्ट्झ, ०.४८ आणि ३४ लिटर.

पेटी लहान झाली तर स्प्रिंग कडक होते आणि एकाच सुरावर ढुम्म ढुम्म होतं. मोठी झाली तर पडदा मोकाट सुटतो. मधला समतोल ०.७०७ या आकड्यावर मिळतो. ०.७०७ ला ०.४८ नं भागा, वर्ग करा, एक वजा करा आणि ३४ ला त्यानं भागा. उत्तर २९.१ लिटर. त्यात स्पीकरचा स्वतःचा दीड लिटर आणि आतल्या आधाराच्या पट्टीचा पाऊण लिटर धरला की आतलं माप झालं ४० बाय २९ बाय २७ सेंटीमीटर. एमडीएफ १८ मिलीमीटरचं. वेळ लागला तो एवढाच: वीस मिनिटं, एक स्प्रेडशीट.

अशी पेटी साधारण ४७ हर्ट्झच्या खाली उतरत जाते, पण बंद गाडीत खालचे सूर आपोआप उचलले जातात, कारण त्यांची लाट गाडीपेक्षा लांब असते आणि आतली सगळी हवा एकदमच दाबली जाते. एकाचा उतार, दुसऱ्याचा चढ. म्हणजे गाडीच अर्धं काम करते.

आता आण्णांविषयी.

माझे वडील पॅटर्न मेकर. उद्यमनगरात आणि नंतर एका फौंड्रीत मिळून अडतीस वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंपाची बॉडी, इंजिनाचं कव्हर असं काहीही बीडात ओतायचं तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून साचा करतात. कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून कितीतरी कास्टिंग बाहेर पडतात आणि त्या प्रत्येकाच्या मागं कुणीतरी लाकडात डोकं घातलेलं असतं. आता हे काम बरंचसं कॉम्प्युटरवर आणि मशीनवर होतं. थोडक्यात, माझ्या जातीच्या लोकांनी आण्णांच्या जातीच्या लोकांचं काम खाल्लं. हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही.

निवृत्त झाल्यावर आण्णांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. त्यात कान गेले. म्हणजे पूर्ण नाही. बॅंडसॉ आणि शेजारी चाललेलं ग्राइंडिंग यांनी कान खाल्ले ते वरच्या सुरांचे. आवाजानं जाणारे कान असेच जातात, आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ ही अक्षरं तिकडंच राहतात. त्यामुळं माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. लोकांना वाटतं लक्ष नाही, आपण ओरडतो, त्यांना वाटतं आपण चिडलोय. मशीन घ्या म्हणून तीन वर्षं सांगितलं. एकदा घेतलं, ते कपाटात आहे. गल्लीतल्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवायचे, तेही सोडलं. शनिवारी मी आलो की “आलास?”, रविवारी निघालो की “निघालास?” एवढंच आमचं संभाषण.

तर २०२३ च्या जुलैमधला शनिवार. बाहेर कोल्हापुरी पाऊस, पंचगंगा रोज फूट-दोन फूट चढत होती. वरची, खालची आणि बाजूच्या दोन फळ्या मी वखारीतूनच कापून आणल्या होत्या. पुढची आणि मागची फळी मात्र घरी कापायची ठरवलं, भोक पाडायचं होतं म्हणून. मोजायला काही सापडेना. माळ्यावर चढलो, आण्णांच्या पेटीतली जाड स्टीलची पट्टी घेतली. दणकट, सरळ, धारदार कड. चारशे आणि दोनशे नव्वद मिलीमीटर आखलं, जिग-सॉ चालवली. भुसा घरभर, आईचा चेहरा बघण्यासारखा.

फळ्या बसेनात. चार मिलीमीटर जास्त. पुन्हा मोजलं, चारशेच. चौकट वखारीतल्या मापाची, तीही चारशेच. चारशेची फळी चारशेच्या जागेत बसत नाही! कोड चालत नाही आणि कुठंच एरर नाही अशी अवस्था. मी तिसऱ्यांदा मोजत होतो तेव्हा आण्णा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते बहुतेक. मग आत आले, माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि हसायला लागले. किती दिवसांनी हसताना बघितलं कुणास ठाऊक.

“ही बीडाची पट्टी हाय,” ते म्हणाले.

वितळलेलं बीड गार होताना आटतं, मीटरला साधारण दहा मिलीमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशोब कोण करणार? म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच मोठी असते. तिच्यावरचे चारशे मिलीमीटर म्हणजे खरे चारशे चार. अॅल्युमिनियमची पट्टी वेगळी, स्टीलची आणखी वेगळी. बघून ओळखू येत नाही, पट्टीवर कोरलेलं असतं आणि या पट्टीवरचं अडतीस वर्षांत पुसलं गेलं होतं. वखारीतल्या फळ्या टेपनं मोजलेल्या आणि माझ्या दोन बीडाच्या पट्टीनं. १९९९ साली नासाचं मंगळावर निघालेलं यान असंच गेलं, एका टीमचे आकडे पौंडात, दुसरीला वाटलं न्यूटनमध्ये आहेत. मी ही गोष्ट नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये सांगतो. :)

आण्णा माळ्यावरून सगळी पेटीच खाली घेऊन आले. गुण्या, पटाशा, दोन रंधे. रंध्याला धार लावली आणि चार मिलीमीटर उतरवायला बसले. “ह्यो लाकूड न्हाई, पुठ्ठा हाय. धार खातोय,” अशी कुरकूर चालू, पण हात थांबला नाही. मी मोठ्यानं काही विचारलं की त्यांना कळेना, म्हणून फळीवरच पेन्सिलीनं लिहिलं: ‘आतून पट्टी कुठं लावू?’ त्यांनी खाली चित्र काढून दाखवलं. मग मी पुढचा प्रश्न लिहिला. दुपारपर्यंत मागच्या फळीची एक बाजू भरून गेली होती. आकडे, बाण, ‘फेव्हिकॉल कमी’, ‘स्क्रूआधी भोक पाड, फाटतंय’, एका कोपऱ्यात ‘चहा सांग’. एका दिवसात आम्ही दोन वर्षांपेक्षा जास्त बोललो.

फळ्या जोडायच्या आधी त्यांनी चौकट उलटसुलट करून बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, “ड्राफ्ट न्हाई ठेवलास? मातीतनं निघणार कसं?” पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना जरासा उतार देतात, तो ड्राफ्ट. मी लिहिलं, ‘हे ओतायचं नाही आण्णा, वाजवायचं आहे.’ तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “वाजवायचं म्हंजे?” तोवर ते काय बनवत होते हे त्यांना माहीतच नव्हतं! पोरगा लाकूडकाम करतोय एवढंच पुरेसं होतं.

रविवारी पेटी चिकटवली. हवा कुठून गळते का हे बघायला स्पीकर बसवून खालचा सूर लावला आणि सांध्यांवरून अगरबत्ती फिरवली. धूर एका कोपऱ्यात थरथरला. तिथं आण्णांनी बोटानं फेव्हिकॉल आणि भुसा भरला. मग मी पुण्याला आलो आणि दोन आठवडे पावसानं जाऊ दिलं नाही. नदी धोक्याच्या ४३ फुटांना टेकतेय का, याच्याच बातम्या बघत होतो.

परत गेलो तेव्हा पेटी तयार होती. मी गाडीच्या कुशनवाल्याकडून काळं कार्पेट चिकटवून घेणार होतो, दोन तासांचं काम. आण्णांना ते पटलं नसावं. पावसाळी हवेत एमडीएफच्या कडा पाणी पितात आणि फुगतात, म्हणून त्यांनी कडांना पातळ फेव्हिकॉलचे दोन हात दिले होते. वर लांबी भरली होती. ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस असा पॉलिश पेपर मारला होता. दमट हवेत रंग सुकेना म्हणून आईच्या म्हणण्यानुसार पेटी चार दिवस देवघरात, दिव्याशेजारी होती. आणि रंग लाल. पॅटर्नला द्यायचे तसला गडद लाल. कोपऱ्यावरून बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. “डिकीत कोण बघणार आहे हे?” असं लिहायला मी कागद घेतला आणि ठेवून दिला.

अॅम्प्लिफायर, बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर वगैरे कामं संध्याकाळपर्यंत झाली. चालू केल्यावर पहिल्यांदा काय वाजलं असेल तर मागची नंबरप्लेट! तिच्या मागं फोमची पट्टी लावली. मग आण्णांना शेजारी बसवलं आणि रंकाळ्याला जाऊन गाडी लावली. काचा बंद, बाहेर भुरभुर पाऊस. एक भजनाचं रेकॉर्डिंग लावलं, पखवाज असलेलं. आवाज बेताचा, बाहेरच्या भेळवाल्यानं मान वळवली नाही इतपत.

आण्णा समोर पाण्याकडं बघत बसले होते. मला वाटलं जमलं नाही. बरोबरच आहे, पेटीनं कान थोडेच परत येतात? गाणाऱ्याचे शब्द त्यांना तसेही कळणार नव्हते. पण खालचे सूर त्यांचे गेलेले नाहीत, ते त्यांना टीव्हीतून आणि मोबाईलमधून कधी मिळालेच नव्हते, कारण त्या चिमुकल्या स्पीकरमधून ते बाहेरच पडत नाहीत. हे माझ्यासारख्या आकडे मांडणाऱ्याच्या तीन वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

दोन-तीन मिनिटांनी त्यांचा डावा हात मांडीवर हलायला लागला. मग थांबला.

“कणीक वाळलीय त्याची,” ते म्हणाले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्यानं तो घुमतो. वाजवता वाजवता ती वाळत जाते आणि सूर चढतो. मी रेकॉर्डिंग मागं नेऊन सुरुवातीपासून दोनदा ऐकलं. मला अजूनही फरक कळलेला नाही.

कानाचं मशीन कपाटातून बाहेर आलंय का? नाही. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. पण शनिवारी मी पोचलो की “आलास?”च्या पुढं आता “चावी दे” असतं. ती लिहिलेली फळी पेटीच्या आत आहे, लिहिलेली बाजू आतल्या अंगाला. पेटी गळाली तरच उघडायला लागेल, आणि आण्णांचे सांधे गळत नाहीत.

बीडाची पट्टी मी पुण्याला घेऊन आलोय. डेस्कवर असते. तिच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘बीड’ लिहून ठेवलंय. डॉक्युमेंटेशन महत्त्वाचं!